कादिझमध्ये कुठे राहावं

कादिझबद्दल लिही म्हणून चार जणांनी सांगून झालं. त्यातल्या दोघांना खरोखरच तिथे जायचंय, एकीला नुसतेच फोटो हवेत, आणि चौथा माझा चुलतभाऊ. त्याला काय हवंय ते पुढे येईलच.

आम्ही गेलो होतो २०२४ च्या ऑक्टोबरात. स्पेनला जाऊन आलो म्हटलं की सगळे बार्सिलोना आणि माद्रिदचं विचारतात. तिथेही गेलो होतो, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कादिझ स्पेनच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या काठावर आहे. काठावर कसलं, समुद्रातच म्हणा ना. नकाशात बघाल तर जमिनीचा एक बारीक दांडा समुद्रात शिरलेला दिसतो आणि त्याच्या टोकाला मुठीएवढं जुनं शहर. तिन्ही बाजूंना पाणी. सेव्हिलहून आगगाडीने पावणेदोन तासांत पोचतो. माद्रिदहूनही थेट गाडी आहे, ती चार तासांवर घेते. नावाच्या शेवटच्या अक्षराचं काय करायचं हे मात्र मला अजून कळलेलं नाही. माद्रिदचे लोक 'कादिथ' म्हणतात आणि खुद्द गावातले लोक ते अक्षर गिळूनच टाकतात, 'कादी'. मी आपली कादिझ म्हणते.

फिनिशियन लोकांनी, म्हणजे आजच्या लेबनॉनमधल्या टायरच्या व्यापाऱ्यांनी हे गाव वसवलं. तेव्हा त्याचं नाव गादिर, अर्थ तटबंदीची जागा. परंपरा सांगते इ. स. पूर्व ११०४. उत्खननात मिळालेले पुरावे इतके मागे जात नाहीत, पण इ. स. पूर्व आठव्या-नवव्या शतकापर्यंत नक्की जातात. म्हणजे पश्चिम युरोपातल्या सगळ्यात जुन्या, सलग वस्ती असलेल्या गावांपैकी हे एक. 'सलग वस्ती असलेलं' हे शब्द मी माहितीपत्रकात वाचले तेव्हा सहज वाचून गेले होते. नंतर ते डोक्यातून जाईनात.

आता राहण्याबद्दल. गावाचे सरळ दोन भाग पडतात. तटाच्या आतलं जुनं आणि बाहेरचं नवं. मधे 'पुएर्तास दे तिएर्रा' हा जमिनीकडचा दरवाजा. नव्या भागात उंच इमारती, मोठी हॉटेलं आणि व्हिक्टोरिया नावाचा लांबलचक वाळूचा किनारा. मुलाबाळांना घेऊन उन्हाळ्यात जाणार असाल, दिवसभर पाण्यातच डुंबायचं असेल, तर खुशाल तिथे राहा. जुन्या भागात गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या बाल्कनीतल्या बायकांना वाटीभर साखर हातोहात देता यावी. गाव सपाट आहे, चढउतार नाही, गुडघेदुखीवाल्यांनी नोंद घ्यावी. पण जुन्या इमारतींना लिफ्ट असतेच असं नाही, हेही विचारून घ्यावं.

आम्ही जुन्या भागातल्या पोपुलो या मोहल्ल्यात एक फ्लॅट घेतला होता, तीन रात्रींसाठी. हॉटेल सोडून फ्लॅट का, तर चुलतभावाने गृहपाठ दिला होता. वेंगुर्ला तालुक्यातलं आमचं गावचं घर बऱ्याच वर्षांपासून त्याच्या डोक्यात आहे. ओटी, माजघर, दोन पडव्या, पुढे खळं, आणि चालत दहा मिनिटांवर समुद्र. त्यात राहतं कोण, तर एकटी काकू. काका गेल्याला सात वर्षं झाली. "घर नुसतं पडलंय. होमस्टे करू. आईला मुंबईला आणू, तिचीही सोय होईल," असं त्याचं म्हणणं. मला ते पटलेलं होतं. पटलेलं म्हणजे काय, संडास कुठे पाडायचे याचं चित्रसुद्धा मीच काढून दिलं होतं. तर त्याने सांगितलं होतं, तिकडे लोक जुनी घरं कशी भाड्याने देतात, चावी कशी देतात, काय काय ठेवतात, सगळं नीट बघून ये.

बघितलं. चावी कोणी देतच नाही. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांची कुलपं असलेल्या छोट्या पेट्या एकाखाली एक लावलेल्या. फोनवर आलेले चार आकडे फिरवायचे, पेटी उघडायची, चावी घ्यायची. आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यातली आपली पेटी कुठली हे फोनच्या उजेडात शोधलं आणि मग बॅगा घेऊन दगडी जिन्यावरून ठाक ठाक करत दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर एक दार किलकिलं झालं. आतून एका म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. रागावली नाही, काही बोलली नाही. रोज येणाऱ्या माकडांकडे आपण जसं बघतो तसं बघितलं.

फ्लॅट छान होता. पांढऱ्या भिंती, नाव नसलेल्या समुद्राचं एक चित्र, एकसारखे सहा पेले. घरात कोणी राहत असल्याची एकही खूण नव्हती. मी फोटो काढून भावाला पाठवले. त्याचं लगेच उत्तर, "हेच! हेच पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो, आणि ज्यांना कादिझमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ आहे त्यांना मी बाजारच सांगेन. १८३८ सालचा हा मध्यवर्ती बाजार, भोवती खांबांच्या ओळी आणि मधे मासळीची मोठी दालनं. रविवारी बंद असतो आणि सोमवारी मासळी जवळजवळ नसते, म्हणून मंगळवार ते शनिवार सकाळीच जा. लालभडक ट्यूनाचे हे एवढाले तुकडे, लेप्या, म्हाकलं, बांगड्याचे चुलते शोभतील असे मासे, आणि चक्क मोरी! मोरीला तिथे 'कासोन' म्हणतात. व्हिनेगर, जिरं, ओरेगानो आणि लाल मिरचीपूड लावून मुरवतात आणि पीठ लावून तळतात. मालवणी माणसाला यात नवीन ते फक्त व्हिनेगर आणि ओरेगानो. दुसरा पदार्थ 'तोर्तियितास दे कामारोनेस'. नखाएवढी कोळंबी, हरभऱ्याचं आणि गव्हाचं पीठ, कांदा, पार्स्ली, आणि पातळ भिजवून तेलात सोडायचं. कुरकुरीत जाळीदार भजं. जवळ्याची भजी हो, दुसरं काय! नवरा तीन दिवस तेच खात होता.

बाजारातूनच काकूला व्हिडिओ कॉल लावला. तिने मासे नीट बघून घेतले, एका माशाचे कल्ले उघडून दाखवायला लावले (विक्रेत्याने हसत हसत दाखवले) आणि ताजे आहेत असा निर्वाळा दिला. मग म्हणाली, "आनी तुमच्या शेजाराक कोण आसा गो?" मी म्हटलं, "शेजारी कोणी नाही काकू, सगळे आमच्यासारखेच प्रवासी." "मगे ता गाव कसला?" असं म्हणून तिने कोंबड्यांना दाणे घालायला फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मोठं चर्च, म्हणजे कॅथेड्रल, १७२२ ला सुरू झालं आणि १८३८ ला संपलं. शंभराहून जास्त वर्षं. सुरू केलं तेव्हा अमेरिकेच्या व्यापाराची कचेरी १७१७ मध्ये सेव्हिलहून नुकतीच इथे हलली होती आणि गावात पैसा वाहत होता. संपेपर्यंत पैसाही संपला होता आणि दगडही साधे झाले होते. ते वरून पाहिलं तर कळतं. घुमटाच्या पिवळ्या फरशा उन्हात सुंदर दिसतात. तळघरात संगीतकार मानुएल दे फाया याचं थडगं आहे. मनोऱ्यावर चढायला पायऱ्या नाहीत, उतरंड आहे, त्यामुळे मीसुद्धा चढले. पोपुलोतच रोमन नाट्यगृह आहे. ते १९८० मध्ये सापडलं, तोवर लोक त्याच्या डोक्यावर नांदत होते. सान फेलिपे नेरी चर्चमध्ये १८१२ ची राज्यघटना झाली. नेपोलियनच्या फौजेने गावाला वेढा घातलेला आणि आत हे लोक राज्यघटना लिहीत बसलेले. १९ मार्चला, सेंट जोसेफच्या दिवशी, ती जाहीर झाली. होसे नावाचं लाडकं रूप पेपे, म्हणून घटनेचं लाडकं नाव 'ला पेपा'. राज्यघटनेला लाडाचं नाव ठेवणारं गाव मला आवडलंच.

संग्रहालय मात्र थोडक्यात उरकू नका. मिना चौकातल्या या संग्रहालयात माणसाच्या आकाराच्या दोन फिनिशियन संगमरवरी शवपेट्या शेजारी शेजारी आहेत. दाढीवाला पुरुष १८८७ मध्ये सापडला. त्याची जोडीदारीणही इथेच कुठेतरी असणार, असं पेलायो किन्तेरो या संशोधकाला वाटे. त्याने वर्षानुवर्षं खोदकाम केलं, ती सापडली नाही, १९४६ मध्ये तो वारला. १९८० मध्ये एका बांधकामाच्या पायात ती सापडली, आणि ती जागा म्हणजे किन्तेरोच्या स्वतःच्या घराची, असं सांगतात. बिचारा तिच्या डोक्यावर झोपत होता! (खरं तर दोन्ही पेट्यांच्या काळात काही दशकांचं अंतर आहे, ते जोडपं नव्हेच. पण संग्रहालयाने त्यांना शेजारी ठेवलंय, आणि बरं केलंय.)

तोर्रे ताविरा हा टेहळणीचा मनोरा. अमेरिकेहून येणारी आपली जहाजं आधी आपल्यालाच दिसावीत म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी घरांवर मनोरे बांधले. शंभराहून जास्त मनोरे अजून उभे आहेत. त्यातला हा १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत मनोरा झाला. वर एका अंधाऱ्या खोलीत कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे, १९९४ पासून. छतातल्या भिंगातून आणि आरशातून बाहेरचं गाव खाली पांढऱ्या बशीसारख्या पडद्यावर उतरतं, हलतं-चालतं. चित्रपट नव्हे, त्या क्षणी बाहेर जे घडतंय तेच. एक माणूस स्कूटर ढकलत होता, गलपक्षी उडत होते, गच्च्यांवर कपडे वाळत होते. आमची गाइड गच्च्या दाखवत म्हणाली, दोरीवर कपडे दिसले की समजा इथे कादिझवाले राहतात, आणि आरामखुर्च्या दिसल्या की तुम्ही. सगळे हसले. मी आमची गच्ची शोधत होते. सापडली. दोन आरामखुर्च्या.

त्याच संध्याकाळी जिन्यात म्हातारीने आम्हाला अडवलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती स्पॅनिशमध्ये भराभर काहीतरी बोलली, आम्हाला कळेना. मग नवऱ्याच्या बाहीला धरून तिने त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे जमिनीवर एक नारिंगी रंगाचा गॅसचा सिलिंडर. साडेबारा किलोचा, आपल्याहून थोडा लहान, पण बाकी तेच. जुन्या घरांना पाइपचा गॅस नाही, टाकीवाला टाकी दारात आणून देतो. ती उचलून ओट्याखाली सरकवायची आणि रेग्युलेटर लावायचा. तिचे हात संधिवाताने वाकडे झालेले. तिला ते जमत नव्हतं आणि दोन दिवस ती थंड पाण्याने आंघोळ करत होती.

नवऱ्याने तीस वर्षं घरचा सिलिंडर बदललाय. त्याने वास घेतला, रबराची चकती बघितली, खटका ओढून रेग्युलेटर बसवला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. दोन मिनिटं. इतक्या रुबाबात त्याला मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग तिने आम्हाला बसवलं, कॉफी दिली, आणि फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने थोडंफार बोलणं झालं. तिचं वय ब्याऐंशी. जन्म याच इमारतीतला. एकूण आठ बिऱ्हाडं. आता त्यात राहणारी दोन, ती आणि तळमजल्यावरचा एक गृहस्थ, तोही मुलीकडे जाऊन-येऊन. बाकी सहा घरांत बॅगा. आमच्या फ्लॅटमध्ये कोण राहायचं, असं मी विचारलं. तिची मैत्रीण, शिवणकाम करायची. तिचा मुलगा हिचा सिलिंडर बदलायचा. घर विकलं गेलं, मुलगा बायको-मुलांना घेऊन खाडीपलीकडे पुएर्तो रेआलला गेला, तिथे भाडं परवडतं. "माणसं पुष्कळ येतात," ती म्हणाली (म्हणजे फोन म्हणाला), "गेल्या आठवड्यात डेन्मार्क होता, आता तुम्ही. सगळे चांगले. पण मी पडले तर कोणाचं दार वाजवू? डेन्मार्कचं?"

यात सगळा दोष पर्यटकांचा नाही, हेही सांगायला हवं. १९८१ मध्ये या गावात दीड लाखाहून जास्त माणसं होती, आता एक लाख दहा हजारांच्या आसपास. जहाजबांधणी खालावली, कामं गेली, चारी बाजूंना पाणी म्हटल्यावर नवं घर बांधायला जागा नाही. तरुण माणसं आधीपासूनच बाहेर जात होती. आम्ही बॅगावाले आलो ते रिकाम्या होत चाललेल्या घरांत. पण आम्ही आल्यावर ती घरं परत त्यांना मिळणं संपलं, हेही तितकंच खरं.

चौथ्या दिवशी आम्ही सान अंतोनिओ चौकाजवळच्या एका ओस्तालमध्ये हललो. ओस्ताल म्हणजे तरुण पोरांचं दुमजली खाटांचं हॉस्टेल नव्हे. घरगुती लॉज म्हणा. बारा-चौदा खोल्या, खाली टेबलाशी मालकीणबाई बसलेल्या. खोली फ्लॅटपेक्षा लहान, चादरी जुन्या, आणि पहाटे कचऱ्याची गाडी खिडकीखाली. पण त्या बाईंनी आम्हाला भरती-ओहोटीची वेळ सांगितली, तळलेली मासळी कुठून घ्यायची ते सांगितलं, आणि लेवांते वारा सुटणार म्हणून टोपी घालू नका असंही सांगितलं. लेवांते म्हणजे पूर्वेचा कोरडा, गरम वारा. तो सुटला की कादिझची माणसं वेडी होतात म्हणे. मी टोपी घातली. ती आता अटलांटिकमध्ये आहे.

म्हणून, ज्या दोघांना खरंच जायचंय त्यांना माझा सल्ला, जुन्या भागातच राहा, पण जिथे खाली माणूस बसलेला आहे अशा ठिकाणी. ऐपत असेल तर जेनोवेस बागेशेजारी सरकारी पारादोर आहे, नवी चकचकीत इमारत, बहुतेक खोल्यांतून समुद्र. कार्निव्हल फेब्रुवारीच्या सुमारास असतो, टिंगलीची गाणी म्हणत लोक गल्ल्यांतून फिरतात. तेव्हा जाणार असाल तर खोली फार आधी बघा.

आणि संध्याकाळी ला कालेताला जा. दोन किल्ल्यांच्या मधली छोटीशी चंद्रकोरीसारखी पुळण. २००२ च्या बॉण्डपटात याच पुळणीला हवाना म्हणून दाखवलं होतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच, पण इथे अटलांटिक आहे, पाणी आपल्या कोकणासारखं दूर जातं. खडक उघडे पडतात, लहान होड्या वाळूवर कलंडतात. वडाच्या कुळातली दोन प्रचंड झाडं रस्त्याकडेला आहेत, त्यांच्याखाली बसलो. मागच्या ला विन्या मोहल्ल्यात ला पाल्मा नावाची गल्ली आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनच्या भूकंपाने समुद्र गावात घुसला, तेव्हा त्या गल्लीत एका पाद्र्याने मेरीचं निशाण रोवलं आणि पाणी तिथूनच मागे फिरलं, अशी श्रद्धा आहे. आज त्या गल्लीत दोन्ही बाजूंना खानावळींची टेबलं आहेत.

तिथे बसूनच मी भावाला फोन केला आणि म्हटलं, संडासाचं चित्र मी परत काढते. तो चिडला. "तिकडे चार दिवस राहून तुला आमच्या घरातलं कळायला लागलं का?" म्हणाला. त्याचं अगदीच चूक नाही. घराचं कौल त्याच्या पैशाने शाकारलं जातं, माझ्या नाही. तो आता हे वाचतोय, तर हेही वाच बाबा. एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये कायदा झालाय, इमारतीतला फ्लॅट नव्याने पर्यटकांना द्यायचा तर एकूण मालकांपैकी तीन पंचमांशांची संमती लागते. आपल्या घरात मालक किती आणि त्यांतल्या राहणाऱ्या किती, हे आपण कधी मोजलं होतं?

मे महिन्यात आम्ही दोघंही गावी गेलो. मोजपट्टी त्याने आणली होती. रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसून सगळं काकूसमोर मांडलं, पहिल्यांदाच. आश्चर्य म्हणजे तिला पाहुणे नको नव्हते, तिला मुंबई नको होती. मुंबईला आमच्या मजल्यावर कोण राहतं ते तुम्हाला तरी माहीत आहे का, असं तिने त्याला विचारलं. मग बराच वेळ पोफळीच्या दिशेला बघत सुपारी कातरत बसली.

"दक्षिणेकडची पडवी देवा," ती शेवटी म्हणाली. "ओटी माझी रवतली. आनी येतले तेंका सिलिंडर बदलूक येता काय, ता पयला इचार."

भावाने ते वहीत लिहून घेतलं.